गाडीची काच फोडून चोरी झाली तर इंदूरात काय काय करायचं: रिपोर्ट, विमा क्लेम आणि लागणारे कागद

काच फोडून बॅग नेली की आपण त्याला एकच मामला समजतो, पण कागदोपत्री ते तीन वेगळे मामले आहेत. काच म्हणजे विमा कंपनी, बॅगेतलं सामान म्हणजे थाना, आणि बॅगेतले कागद-कार्डं म्हणजे बँक, आरटीओ वगैरे. लोक तिन्ही एकत्र करतात आणि मग थान्यात काचेचे पैसे मागतात नि विमावाल्याला लॅपटॉपचं बिल दाखवतात, दोघंही हात वर करतात. तिन्हीकडे कामाला येणारा कागद मात्र एकच, एफआयआरची कॉपी, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पण त्याच्याही आधी, गाडीपाशी उभे असाल तेव्हा काहीही झाडू-पुसू नका. सराफ्यात रात्री खायला गेलात किंवा छप्पन दुकानला गाडी लावून आत गेलात आणि परत येऊन बघता तर सीटवर काचेचा चुरा, तर पहिला हात मोबाइलकडे जाऊ द्या. फोटो असा काढा की नंबर प्लेट आणि फुटलेली काच एकाच फ्रेममध्ये येईल, मग आतला चुरा, दगड-बिगड पडला असेल तर तो, आणि मागच्या दुकानाचा बोर्ड, म्हणजे जागा कळते. छोटा व्हिडिओही करा. आणि हो, पॉवर विंडोचं बटण दाबून "उरलेली काच खाली जाते का" बघू नका, दाराच्या आत पडलेले तुकडे रबराच्या चॅनलमध्ये घासतात आणि काचेच्या खर्चात काच वरखाली करणाऱ्या मशीनचा खर्च वाढतो. ११२ ला फोन लावला तर पोलिसांची गाडी येते, पण ते आले म्हणजे रिपोर्ट झाली असं नाही, थान्यात जावंच लागतं. आजूबाजूला कोणाचा कॅमेरा असेल तर त्या दुकानदाराला लगेच सांगून ठेवा की फुटेज राखा, कारण डीव्हीआरवर जुनं फुटेज थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि पोलीस मागायला येईपर्यंत ते उरेलच असं नाही.

आता थाना कोणता. नियमाने जिथे घडलं तिथला, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे उज्जैनला महाकालच्या दर्शनाला गेलात, पार्किंगमध्ये काच फुटली आणि घरी राजेंद्र नगरला आल्यावर कळलं की मागच्या सीटवरची बॅगच नाही, तरी इंदूरातल्या थान्यात रिपोर्ट देता येते, ते पुढे तिकडे पाठवतात. जमत असेल तर घटनेच्या जागीच द्या, ट्रान्सफरचा वेळ वाचतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. थान्यात लिहापढी करणारे मुंशीजी म्हणतात "आवेदन दे दो, हम देख लेंगे", आपण कागदावर चार ओळी लिहून देतो, ते शिक्का मारून एक कॉपी हातात ठेवतात आणि आपण खूष होऊन घरी. ती आवेदनाची पावती आहे, एफआयआर नाही. एफआयआरला नंबर असतो, तारीख-वेळ असते, कलमं लिहिलेली असतात, आणि तिची कॉपी तक्रार देणाऱ्याला फुकट द्यायची असं कायद्यातच आहे. नुसती काच फुटलीय, काही गेलं नाही, तर बऱ्याच विमा कंपन्या आवेदनाच्या पावतीवर काम चालवून घेतात. पण सामान गेलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, म्हणजे चोरीची एफआयआर मागा, आणि काच-दाराची तोडफोड कलम ३२४ खाली त्याच रिपोर्टीत घ्यायला सांगा.

आवेदनात काय लिहायचं: गाडीचा नंबर, मॉडेल, गाडी कुठे आणि किती वाजता लावली, परत किती वाजता आलात, कोणत्या बाजूची कोणती काच फुटली, आणि गेलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, कंपनी, सिरियल नंबर, अंदाजे किंमत. मोबाइल असेल तर आयएमईआय नंबर, तो डब्यावर आणि बिलावर छापलेला असतो. यादी पहिल्यांदाच पूर्ण द्या. घरी जाऊन आठवलं की पर्समध्ये चेकबुकही होतं, तर नंतर पुरवणी बयाण द्यावं लागतं आणि तेवढ्यासाठी परत चक्कर. किंमत फुगवू नका, उगाच बिल मागतात. सोबत आधारची कॉपी, आरसीची कॉपी आणि मोबाइलमधले फोटो एवढं पुरतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवत होतात तुम्ही, तरी रिपोर्ट तुम्हीच देऊ शकता, मालकच पाहिजे असं काही नाही. विम्याच्या क्लेम फॉर्मवर मात्र सही ज्याच्या नावावर पॉलिसी त्याचीच लागते.

घरबसल्याची सोयही आहे. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ई-एफआयआर होते, अट अशी की साधी चोरी असेल तर माल एक लाखाच्या आतला, आरोपी अज्ञात, आणि कोणाला मारहाण झालेली नसावी. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते, हेही त्याच कलम १७३ मध्ये आहे, तेव्हा ऑनलाइन भरून निवांत बसू नका. माझं मत विचाराल तर काच फुटल्याच्या केसमध्ये प्रत्यक्ष जाणंच बरं, गाडी समोर दाखवता येते आणि पोलिसाला काचेचं वेगळं समजावत बसावं लागत नाही.

थान्यात घेतच नसतील तर भांडू नका, तक्रार लेखी पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, कायद्यात एसपी लिहिलंय, पण इंदूरात डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर सिस्टम आहे म्हणून आपल्या झोनचे डीसीपी. त्यानंतरही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. १८१ ची सीएम हेल्पलाइन तर इंदूरकराला सांगायला नकोच, अर्धी कामं तिचं नाव काढल्यावरच हलतात.

आता विमा. पात्रता पाहिली तर पहिली अट ही की पॉलिसीत ओन डॅमेज (ओडी), म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असायला हवा, कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा वेगळी घेतलेली ओडी पॉलिसी. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीच्या काचेला एक रुपया मिळत नाही, तिथे हा विषय संपला. ओडी असेल तर चोरी, घरफोडी आणि कोणी मुद्दाम केलेलं नुकसान हे स्टँडर्ड पॉलिसीतच येतं. दुसरी अट सेकंडहँड गाडीवाल्यांसाठी, आणि ही लोकांना माहीतच नसते. आरसी तुमच्या नावावर झाली पण पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, तर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो, ओडीचा येत नाही, त्यासाठी गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. तो केला नसेल तर काचेचा क्लेम तिथेच अडकतो.

बॅग, लॅपटॉप, गॉगल, देवळात न्यायचं चांदीचं ताट, हे गाडीच्या विम्यात येत नाही. पर्सनल बिलाँगिंग्जचं अॅड-ऑन घेतलं असेल तरच, आणि त्यातही रोख रक्कम वगैरे बहुतेक बाहेरच ठेवलेली असते, पॉलिसीची शेवटची पानं वाचा. म्युझिक सिस्टम कंपनीचंच फिट असेल तर गाडीचा भाग धरतात, बाहेरून लावलेलं असेल तर पॉलिसीत वेगळं लिहवून प्रीमियम भरलेला लागतो.

क्लेम करायच्या आधी मात्र पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसा, कारण मला वाटतं नुसत्या एका दाराच्या काचेसाठी क्लेम करणं बहुतेकांना परवडत नाही. समजा काच ३,००० ची, रबर-बीडिंग ६०० चं, लेबर ५००. काचेवर घसारा शून्य असतो, गाडी कितीही जुनी असो, हे चांगलं. रबर-प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात (झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं अॅड-ऑन, असेल तर नाही). वरून सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,०००, आणि प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही जास्तीची वजावट स्वतःहून घेतली असेल तर तीही. म्हणजे ४,१०० च्या बिलात हातात आले २,८००. आणि गेलं काय, तर नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षावर्षाने चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ज्याला पुढच्या रिन्यूअलला ५० टक्के मिळणार होता त्याला आधी शून्य, मग २०, मग २५ असं परत चढत जावं लागतं, सगळा फरक जोडला तर एका वर्षाच्या ओडी प्रीमियमच्या सव्वापट नुकसान होतं. ओडी प्रीमियम १२,००० असेल तर १५,००० गेले, २,८०० साठी. एनसीबी प्रोटेक्टचं अॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी, किंवा दाराचं लॉक तोडलंय, पत्रा वाकवलाय, डॅशबोर्ड उचकटून सिस्टम नेलंय आणि एस्टिमेट तीस-चाळीस हजारांवर गेलंय तर क्लेम जरूर करा.

करायचं ठरलं तर क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी कंपनीला फोन किंवा अॅपवर इंटिमेशन, क्लेम नंबर घ्या, त्यांनी बघितल्यावरच काच बदला. लहान नुकसानाला आजकाल व्हिडिओ कॉलवर किंवा अॅपमध्ये फोटो टाकून इन्स्पेक्शन होतं, ५०,००० किंवा त्यावरच्या मोटर क्लेमला लायसन्सवाला सर्व्हेयर लागतो. कागद म्हणाल तर सही केलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, एफआयआर किंवा थान्याची पावती, गॅरेजचं एस्टिमेट, केवायसीला पॅन-आधार, आणि कॅशलेस गॅरेज नसेल तर पक्कं बिल, पेमेंटची रसीद आणि कॅन्सल केलेला चेक. कच्च्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत, गॅरेजवाला "जीएसटी के बिना सस्ता पड़ेगा" म्हणाला तरी.

काच लावताना एवढं बघा. दाराची काच टफन्ड असते, म्हणून ती फुटली की बारीक खडीसारखे तुकडे होतात. ती विंडशील्डसारखी चिकटून राहत नाही आणि तिच्यात रेझिन भरून दुरुस्ती होत नाही, बदलावीच लागते. नव्या काचेच्या कोपऱ्यावर आयएसआयचा मार्क पाहा. दाराचं आतलं पॅनल उघडून सगळा चुरा व्हॅक्यूमने काढून घ्या, दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चुऱ्याने बुजली की पहिल्याच पावसात दारात पाणी साठतं आणि मग गंज. तोपर्यंत तात्पुरतं काही लावायचं तर पारदर्शक पॉलिथिन लावा, काळं नको. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि चौकातला ट्रॅफिकवाला तुमची चोरीची कहाणी ऐकायला उभा नसतो. टेप पेंटवर नको, चौकटीच्या रबरावर चिकटवा, एप्रिल-मेच्या उन्हात टेपचा गोंद पेंटवर असा बसतो की काढता काढता नाकी नऊ येतात.

गेलेले कागद. कार्डं असतील तर थान्याच्याही आधी बँकेला फोन करून ब्लॉक, हे तासाभरात व्हायला हवं, चेकबुकचं स्टॉप पेमेंटही तेव्हाच. कार्डावरून पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. मोबाइल गेला असेल तर संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक होतो, त्याला पोलीस रिपोर्टची कॉपी, फोनचं बिल, ओळखपत्र आणि ओटीपी यायला डुप्लिकेट सिम लागतं, म्हणून आधी सिम काढा. आरसी गेली तर फॉर्म २६ वर डुप्लिकेट, परिवहन पोर्टलवर अर्ज करायचा, एफआयआर जोडायची, आणि गाडीवर लोन चालू असेल तर बँकेची संमतीही त्याच फॉर्मवर घ्यावी लागते, तिथे वेळ जातो. लायसन्सचं डुप्लिकेट सारथी पोर्टलवरून. मध्ये गाडी चालवायची असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स कायद्याने मूळ कागदासारखीच चालतात, नायता मुंडल्याच्या आरटीओला लगेच धावायची गरज नाही.

गाडी हॉटेलच्या व्हॅलेकडे, म्हणजे किल्ली घेऊन गाडी लावून देणाऱ्याकडे, दिली होती आणि कूपनवर "ओनर्स रिस्क" छापलंय म्हणून ते झटकत असतील तर ऐकून परत येऊ नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्हॅलेला दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या केसमध्ये म्हटलंय की हॉटेलचा निष्काळजीपणा असेल तर नुसत्या छापलेल्या ओळीने जबाबदारी सुटत नाही. हॉटेल मॅनेजरला लेखी द्या, पुढे ग्राहक हेल्पलाइन १९१५.

विमा कंपनीने क्लेम नाकारला किंवा लटकवला तर आधी त्यांच्याच ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी, मग विम्याच्या तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्यासाठी त्यांचं ऑफिस भोपाळला आहे, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं.

आणि थान्याचा पाठपुरावा. ९० दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर एफआयआर नंबर घेऊन जाऊन विचारा. चोर सापडला नाही तर शेवटी खात्मा लागतो, म्हणजे तपास बंद केल्याचा रिपोर्ट, पर्सनल बिलाँगिंग्जच्या क्लेमला कंपनी त्याची कॉपी मागू शकते. आणि माल सापडला तर तो थान्यातून हातोहात मिळत नाही, कोर्टात अर्ज देऊन सुपुर्दगीवर, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने ताब्यात, घ्यावा लागतो, तिथे वस्तू तुमचीच हे दाखवायला बिल आणि सिरियल नंबर लागतो, बिल हरवलं असेल तर ज्या दुकानातून घेतलं त्यांच्याकडून डुप्लिकेट आत्ताच काढून ठेवा.