मिशिगनचं बिग हाऊस एवढं मोठं झालं कसं

अ‍ॅन आर्बर हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं युनिव्हर्सिटीचं गाव, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिथल्या कॉलेज टीमच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, म्हणजे मिशिगन स्टेडियममध्ये, ज्याला लाडाने बिग हाऊस म्हणतात (अमेरिकन फुटबॉल बरं का, बॉल हातात घेऊन पळतात तो) १,०७,६०१ माणसं बसतात. आपलं वानखेडे तीनदा भरेल आणि वर माणसं उरतील. हे सगळं टप्प्याटप्प्याने वाढलंय, पण माझं ठाम मत आहे की खरा निर्णय १९२० च्या दशकातच झाला होता आणि त्याचं श्रेय फील्डिंग योस्टला.

योस्ट आधी टीमचा कोच, मग अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख. टीमचं जुनं मैदान फेरी फील्ड पुरेना, पण खेळाचं प्रस्थ एवढं वाढू द्यायचं का यावर युनिव्हर्सिटीतच दोन मतं होती. शेवटी १९२६ मध्ये परवानगी मिळाली, ७२ हजार सीट्सची. सरकारी पैसा घ्यायचाच नाही असं ठरलं, ५०० डॉलरचे बॉण्ड लोकांना विकले आणि बॉण्ड घेणाऱ्याला तिकिटांचा हक्क दिला. खर्च साडेनऊ लाख डॉलर. योस्टने पाया मात्र असा घालून घेतला की पुढे सीट्स लाखाच्या वर नेता येतील, आणि काम पूर्ण व्हायच्या आधीच वरच्या कडेने तात्पुरते बाक टाकून आकडा ८२ हजारांवर नेला सुद्धा!

जागा काही सोपी नव्हती, खाली पाणी होतं, खोदकामात एक क्रेन रुतली ती अजून मैदानाखालीच आहे असं सांगतात. स्टेडियमचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जमिनीच्या खाली आहे. त्यामुळे गेटमधून आत गेलं की माणूस थेट वरच्या रांगांपाशी पोचतो आणि अख्खा खोलगट वाडगा पायाखाली पसरलेला दिसतो.

पहिली मॅच १ ऑक्टोबर १९२७, ओहायो वेस्लियनला ३३-० हरवलं. मग १९४९ मध्ये लाकडी बाक काढून स्टीलचे लावले, क्षमता ९७,२३९. १९५६ मध्ये १,०१,००१. हा शेवटचा एक म्हणजे तेव्हाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या नावाची सीट, ती नेमकी कुठली हे जाहीर केलेलं नाही, पण तेव्हापासून क्षमता बदलली तरी आकड्याच्या शेवटी एक असतोच. १९९८ मध्ये १,०७,५०१. आणि १९७५ च्या नोव्हेंबरपासून घरच्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर गर्दी, अपवाद फक्त कोव्हिडच्या २०२० चा.

सगळ्यात मोठा वाद झाला तो २२.६ कोटी डॉलरच्या कामावर, जे २०१० ला संपलं. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यात श्रीमंतांसाठी लक्झरी बॉक्स. सगळ्यांनी एकाच वाडग्यात बाकांवर बसायचं ही इथली रीत, ती मोडतेय म्हणून बरेच लोक नाराज होते आणि मला ती नाराजी पटते. पण त्याच काळात अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने व्हीलचेअरच्या जागांसाठी केस केली, २००८ मध्ये समझोता झाला आणि तशा जागा भरपूर वाढल्या. मला विचाराल तर त्या अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वाढ हीच, हे व्हायला ८० वर्षं लागायला नको होती.