फिश फाइंडर आणि जीपीएस घेताना: स्क्रीनआधी ट्रान्सड्युसर ठरवा

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सात इंची घेऊ की नऊ इंची?" आम्ही मात्र उलट विचारत बसतो: बोट लाकडी की फायबरची? इंजिन आतलं की बाहेरचं? मासेमारी किती पाण्यात? काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. तरीही ही उत्तरं मिळाल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही, कारण मासा शोधायचं काम बोटीखालचा ट्रान्सड्युसर करतो. तो पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. जाऊन-येऊन किती वेळ लागला त्यावरून खोली निघते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, पण वाटेत हवा आली की तिथेच अडतो.

आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बरीच उपकरणं चांगली असतात. तक्रार ठरलेली: "बोट उभी असताना दिसतं, वेग घेतला की स्क्रीन कोरी, खोलीचा आकडा लुकलुकतो." उपकरण काढून आणण्यात तुमचा दिवस जातो. आम्ही ते आमच्या ट्रान्सड्युसरला जोडून धक्क्यावरून पाण्यात सोडतो, तर तळाची रेघ स्वच्छ उमटते. मग बोट पाहायला जावं तर ट्रान्सड्युसर नेमका तळाच्या उंचवट्यामागे किंवा पंख्याला (प्रोपेलरला) खेटून बसवलेला. वेगात तिथून बुडबुड्यांचा पांढरा पट्टा निघतो आणि ट्रान्सड्युसरचं तोंड त्या फेसात असतं. मग नवी महाग स्क्रीन लावूनही काय फरक पडणार?

मागच्या फळीवर बसवायचा असेल तर पंख्याचं पातं ज्या बाजूला खाली जातं ती बाजू निवडा. उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याला ती बोटीची उजवी बाजू. पंख्यापासून अंतर ठेवा, तोंड तळापेक्षा किंचित खाली असू द्या. भोकं पाडण्याआधी आम्ही तात्पुरता बसवून बोट वेगात पळवून बघतो. यासाठी एक फेरी जास्त लागते, पण चुकीच्या जागी पाडलेली भोकं बुजवत बसण्यापेक्षा ती परवडते. तळाला भोक नकोच म्हणणाऱ्यांसाठी आतून चिकटवायचा प्रकार आहे. तो भरीव फायबरमधून चालतो. लाकडातून किंवा मध्ये फोम भरलेल्या तळातून चालत नाही, म्हणून तशा बोटीसाठी तो कितीही आग्रह केलात तरी आम्ही देत नाही.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे ट्रान्सड्युसर सोडतो त्या ध्वनिलहरींची वारंवारता. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद आणि बारकावे दाखवणारा, उथळ पाण्याला उत्तम. ५० किलोहर्ट्झ खोलवर पोचतो, रुंद पसरतो, पण बारकावे कमी. १२ अंशांचा झोत ३० मीटर खोलीवर जेमतेम ६ मीटर रुंदीचा तळ बघतो, हे ध्यानात असू द्या. तुम्ही दोन्ही पाण्यांत जात असाल तर आम्ही चर्प पद्धतीचा सुचवू. तो एका फ्रिक्वेन्सीवर न थांबता पट्टाच्या पट्टा वापरतो, त्यामुळे तळालगतचा मासा वेगळा ओळखू येतो.

जीपीएस आणि फिश फाइंडर एकाच स्क्रीनवर हवे असतील तर मात्र इंचांना खरा अर्थ आहे, कारण चित्र अर्धं-अर्धं वाटलं जातं. एकत्र घेतलंत तर हातातला छोटा जीपीएस जवळ असू द्या. एक बंद पडलं तरी घरची वाट सापडते. आणि दुसऱ्याने दिलेली जागा भरताना अक्षांश-रेखांश लिहिण्याची पद्धत जुळवून घ्या. ३०.५० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. तेच ३० मिनिटं ५० सेकंद म्हणून भरलं तर अक्षांशात सहाशे मीटरहून जास्त फरक पडतो. "जीपीएस चुकतोय" म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी इथेच मिटल्या आहेत.

वायर बॅटरीवरून थेट, स्वतंत्र फ्यूज लावून आणा. ट्रान्सड्युसरची केबल लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा. तोंडावर तळाचा जाड रंग चढवू नका, चिकटलेलं शेवाळ मऊ फडक्याने काढा.

येताना बोट ओढून वर घेतलेली असताना काढलेले तळाचे आणि मागच्या बाजूचे फोटो, बॅटरीचे व्होल्ट आणि नेहमीच्या पाण्याची खोली घेऊन या. तेवढ्यावर कुठला ट्रान्सड्युसर लागेल हे आम्ही तिथल्या तिथे सांगतो. जुनी स्क्रीन चालण्यासारखी असली तर तेही सांगतो.