पडशी ते पाठपिशवी: मराठवाड्यातल्या प्रवासी सामानाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातला जुना माणूस हौसेखातर प्रवासाला निघत नसे. कुणी तुळजापूरला नवस फेडायला निघे, कुणी पंढरीला, कुणी जनावरं बघायला माळेगावच्या जत्रेला, तर कुणी हैदराबादला कचेरीच्या कामाला. काम झालं की परत. त्यामुळे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, गुलमंडी किंवा पैठण गेटच्या दुकानांत आज स्लिंग बॅग, कमरेचं पाऊच, मानेची उशी, स्टोल असं ‘ट्रॅव्हल ॲक्सेसरी’ म्हणून जे टांगलेलं दिसतं, ते सगळं बाहेरून आलंय असं वाटणं साहजिक आहे. थोडं मागे गेलं तर वेगळंच दिसतं. इथल्या प्रवाशाचं सामान आधी त्याच्या अंगावर होतं, आगगाडी आल्यावर ते अंगावरून उतरलं, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा अंगावर चढलं.

सुरुवात फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री वाटांच्या वर्णनात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून साधं कापड नि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे, एवढं त्यात स्पष्ट आहे. माल गाडीवर जाई. माणसाजवळ काय असे हे मात्र तो व्यापारी सांगत नाही. त्याला भावाशी मतलब, गाडीवानाच्या शिदोरीशी नाही.

माणसाजवळ काय असे हे कळतं ते अगदी परवापर्यंत खेड्यापाड्यांत वापरात असलेल्या वस्तूंवरून. पडशी घ्या. दोन तोंडांची, मध्ये खांद्यावर बसणारी पट्टी असलेली कापडी पिशवी. एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. पुढच्यात लागेल तसं काढायचं: भाकरी, चटणी, टाळ, पोथी. मागच्यात धोतर नि पंचा. वजन दोन्हीकडे सारखं पडल्यामुळे दिवसाकाठी सात-आठ कोस चालूनही खांदा धरत नसे. पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत ही पडशी पिढ्यान्‌पिढ्या चालली. घोड्यावर टाकायची खुर्जी हिचीच मोठी बहीण.

डोक्याचा पटका नुसता मानाचा नव्हता. उन्हाला आडोसा, रात्री उशाला, जखमेला पट्टी आणि वेळप्रसंगी दोर. मराठवाड्यात वाटेवरच्या विहिरी खोल. जिथे पायऱ्यांची बारव नसे, तिथे पटका सोडून त्याच्या टोकाला तांब्या बांधायचा आणि पाणी शेंदायचं. रंग मात्र निवडून घेतलेला असे आणि बांधायची तऱ्हा गावोगावी निराळी. म्हणजे उपयोग आणि ऐट ही दोन वेगळी खाती नव्हती.

घोंगडीचंही तेच. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं सूत, ताण्याला चिंचोक्याची खळ, आणि विणून झालेल्या पट्ट्या जोडून केलेलं ते जाड, नवं असताना चांगलंच टोचणारं काळं कापड. एक कोपरा आत दुमडून डोक्यावर घेतलं की खोळ होते. पाऊस वरून ओघळत राहतो, आणि शेवटी भिजली तरी लोकर अंगाची ऊब लगेच सोडत नाही. धनगरांनी हे कधीच ओळखलं होतं. आज डोंगर चढणारे ‘मेरिनो’ लोकरीचे मोजे याच गुणासाठी दामदुप्पट देऊन घेतात. आता वारीत घोंगडीची जागा प्लास्टिकच्या कागदानं घेतलीय. हलका आहे, स्वस्त आहे, पण आत घाम धरतो आणि त्यावर झोपता येत नाही.

पैशांची सोय दोन तऱ्हांनी. कमरेला कसा, म्हणजे कापडाची लांब, पोकळ नळी. त्यात रुपये ओळीनं सरकवायचे, मध्ये गाठी मारायच्या आणि बंडीखाली आवळून बांधायचा. गाठीमुळे नाणी वाजत नसत. बंडीला आतून चोरखिसा असेच. बायकांचे पैसे कनवटीला, फार तर बटव्यात. निजामी मुलखात या कप्प्यांना एक जास्तीचं काम होतं. संस्थानाचं नाणं हाली आणि इंग्रजी मुलखाचं कलदार. सात हालीला सहा कलदार हा ठरलेला दर. सोलापूर-बार्शीकडे जायचं म्हटलं की बदलून घेणं आलं. शिवाय हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथे बोचकं सोडून दाखवावं लागे. ज्याला रोज सोडून बांधायचं आहे त्याला कुलूप-कड्या नकोतच, गाठच बरी.

या सगळ्यांत कारागिरी म्हणून मला सगळ्यांत देखणी वाटते ती चंची. दुमडलेली असताना मूठभर. नाडीचे वेढे सोडले की एकावर एक शिवलेले कप्पे पाकळ्यांसारखे उघडतात: एकात पानं, एकात सुपारी नि अडकित्ता, एकात कात, एकात तंबाखू, आणि बाहेरच्या लहानशा कप्प्यात चुन्याची डबी. चुना पानांना लागू नये म्हणून तो कप्पा मुद्दाम वेगळा. कुणी त्यातच चकमक, गार आणि कापूस ठेवी. चोळीच्या खणाचे उरलेले तुकडे, कडेनं दुसऱ्या रंगाचा गोट, नाडीच्या टोकाला गोंडा. शिवणारी घरातलीच बाई. झाडाखाली अनोळखी माणूस भेटला की आधी चंची सुटायची आणि मग गाव कोणतं ते विचारलं जायचं.

सामान वाहणं हाच ज्यांचा धंदा होता त्या बंजाऱ्यांशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. सतराव्या शतकात या भागांतून फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करतो. तांदूळ, धान्य, मीठ लादून चाललेले. दख्खनच्या मोहिमांत फौजांना दाणागोटा पुरवला तो याच लोकांनी. पुढे रेल्वेनं त्यांची लदेणी, म्हणजे बैलांवरून माल वाहायचा धंदा, बसवली आणि तांडे बालाघाटाच्या डोंगरांत, नांदेड-परभणी-जालन्याच्या माळांवर स्थिरावले. त्यांच्या पिशव्यांवरचं भरतकाम आज शहरातल्या दुकानांत ‘बोहो’ म्हणून विकलं जातं. जाड कापडाचे दोन-तीन थर एकत्र धरायला घातलेले दाट टाके, फाटू नये म्हणून कडेनं ओवलेल्या कवड्या, झीज होते तिथे आरसे नि रंगीत तुकडे. घागर डोक्यावर घ्यायच्या चुंबळीलासुद्धा कवड्या आणि मागे मानेवर रुळणारी भरलेली पट्टी. सतत वाटेवर असलेल्यांना कपाट नसतं. जे काही सुंदर करायचं ते वापरातल्याच वस्तूवर करावं लागतं.

वरच्या थरातली ऐट निराळी. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेलं खडकी पुढे औरंगाबाद झालं, मोगल सुभ्याचं ठाणं झालं, आणि हिमरूला गिऱ्हाईक मिळालं. सुती ताणा, रेशमी बाणा, वर बारीक वेलबुट्टी. हे विणकर मुहंमद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्ली सोडून दौलताबाद धरलं तेव्हा आले असं परंपरा सांगते. हिमरूची शाल अंगावर घेऊन दरबारी माणूस मुक्कामाला पोहोचला की वेगळं ओळखपत्र लागत नसे. ऊबही होतीच; औरंगाबादची डिसेंबरातली पहाट ज्यानं पाहिलीय त्याला हे सांगायला नको.

मग आगगाडी आली. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असं करत पुरी झाली. दुसरीकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. चालायचं उरलं नाही म्हटल्यावर वजनाचा धाक गेला. खांद्याला झेपेल तेवढंच घ्यायचा नियम सुटला आणि हमालाला झेपेल तेवढं घ्यायचा नियम आला.

पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या हे तीन दागिने त्या काळचे. वळकटी आधीपासून होतीच, सतरंजीत गादी-चादर गुंडाळून सुंभानं बांधलेली. साहेबाच्या राज्यात तिला कॅनव्हासचं कव्हर आणि चामडी पट्टे मिळाले, ती होल्डॉल झाली. दोन्ही टोकांना खोल खिसे, त्यात चपलांपासून फराळाच्या डब्यापर्यंत काहीही. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर पसरली की तीच गादी, आणि पसरली की जागा आपली, हा तिचा खरा उपयोग. फिरकीचा तांब्या पितळी, झाकण आट्यांचं, वर उचलायला कडी. कितीही हिंदकळला तरी थेंब सांडत नसे. उन्हाळ्यात खिडकीच्या गजाला बाहेरून जाड कॅनव्हासची छागल टांगायची. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं पाणी गार होतं. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही युक्ती चालते तशी कोकणात चालायची नाही.

ट्रंकेचा मोठा प्रवास मात्र शिक्षणाचा. आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे, मग औरंगाबादकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय इथे १९५० मध्ये सुरू झालं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. खेड्यांतून पोरं आली ती ट्रंक घेऊन. वसतिगृहात तीच कपाट, तीच तिजोरी, समोर मांडी घालून बसलं की तीच लिहायचं टेबल. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, तालुका. कुलूप जेमतेमच, पण स्वतःच्या नावाची ही बऱ्याच जणांची पहिली वस्तू होती.

रेल्वे जिथे नव्हती, म्हणजे बीडसारखा अख्खा जिल्हा जवळजवळ, तिथे मोटार. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये स्वतःची बससेवा २७ गाड्यांनी सुरू केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथल्या गाड्या पुढे एसटीच्या झाल्या. एसटीनं सामानाचा आकार पुन्हा बदलला. ट्रंक टपावर चढवायला शिडी, उतरवायला क्लीनरची मर्जी. मांडीवर मावेल ती पिशवी सोयीची. मग युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी आली. ती फाटत नाही, धुतली की स्वच्छ. आणि ऐंशीच्या दशकात घरोघरी बायकांनी विणलेली वायरची पिशवी. लाल-पांढऱ्या चौकटी, हिरव्या-पिवळ्या नागमोडी नक्ष्या, तळाशी चार बुटक्या गाठी म्हणजे चिखलात ठेवली तरी तळ वर राहतो. नोकरदार माणसाच्या हाती त्याच सुमारास व्हीआयपीची कडक ब्रीफकेस आली. आत बहुतेक वेळा एक दस्ती (हातरुमाल), एक डबा आणि सातबाऱ्याची नक्कल. पण तिचा खटका वाजला की साहेब आल्यासारखं वाटे.

चाकं इथे उशिरा आली. सुटकेसला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडोला १९७२ मध्ये मिळालं. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं १९८७ मध्ये ती उभी करून लांब दांडी लावली, आणि विमानतळांवर तीच चालू लागली. आपल्याकडे विमानतळाच्या फरशीवर ती घरंगळते, बसस्थानकाच्या खडीवर उचलावी लागते, आणि पावसाळ्यात काळ्या रानातून गावापर्यंत नेली तर चाकाला मातीचा लाडू होतो. त्यामुळे मराठवाड्यात खरी जिंकली ती पाठीवरची सॅक. पुण्याला स्पर्धा परीक्षेला निघालेलं पोर, आयटीतली मुलगी, कंपनीत शिफ्टला जाणारा, सगळ्यांच्या पाठीला तीच. ऊसतोडीला दिवाळीच्या आगेमागे निघणाऱ्या बीडच्या कुटुंबांचं सामान मात्र अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं: पत्र्याची पेटी, प्लास्टिकचे ड्रम, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, ताडपत्री. ‘प्रवासी’ म्हटल्यावर त्यांना कुणी मोजत नाही, पण संख्येनं ते थोडे नाहीत आणि सहा महिन्यांचं घर बांधून नेण्यात त्यांच्याइतकं तयार कुणी नाही.

पटक्याचं आणि उपरण्याचं काम आता स्कार्फ करतो. दुचाकीवर तोंड-डोकं गुंडाळून, वर कोपरापर्यंत मोजे आणि सुती सनकोट. उन्हाळ्यात हा वेश जवळजवळ गणवेश झालाय. सनकोटाला आतून खिसा शिवून घेणाऱ्या मुली तर चोरखिशाचंच काम नव्यानं करतायत.

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांमुळे दुसरी एक बाजारपेठ उभी राहिली. अजिंठा-वेरूळला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि शालीचं हिमरू हळूहळू स्टोल, पर्स, बटवा, लॅपटॉपच्या कव्हरात उतरलं. पैठणीच्याही पर्स निघाल्या. घेताना उलटी बाजू बघावी. हातमागाच्या खऱ्या पैठणीच्या काठावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच सफाईदार दिसतो. मागे दोरे लोंबत असतील तर ते यंत्रमागावरचं ब्रोकेड. हिमरूचं उलट आहे. त्यात मागे मोकळे धागे असणं हा दोष नाही, विणायची रीतच तशी आहे. म्हणून हिमरूच्या पिशवीला आतून अस्तर हवंच, नाहीतर किल्लीचा जुडगा आठ दिवसांत बुट्टी उसवून ठेवतो. पट्टा शिवणीत नुसता खोचलाय की आतल्या पट्टीवरून उलटून दोनदा शिवलाय, तेही ओढून बघावं. बहुतेक पिशव्या तिथूनच जातात.