अभिजात कादंबरीच्या ऑडिओबुकसाठी अभिवाचक निवडताना

नागपुरातील आमच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत जुन्या कादंबऱ्यांची ऑडिओबुके करून घेण्यासाठी प्रकाशक, ग्रंथालये आणि लेखकांचे वारस येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एखाद्या नामवंत नटाचे नाव आधीच ठरलेले असते. ते नाव योग्य असूही शकते. मात्र निवडीचा आरंभ कलावंतापासून न करता पुस्तकापासून करावा, अशी आमची विनंती आहे, कारण जो आवाज दहा-बारा तास कानाशी राहणार आहे, त्याची कसोटी जाहिरातीतल्या आवाजाहून निराळी असते.

पहिला प्रश्न असा, की ही कथा सांगते कोण? हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी पुरुषाने लिहिलेली असली तरी ती यमुना स्वतःच्या तोंडाने सांगते. तेथे स्त्री अभिवाचकच हवी आणि तिच्या आवाजात प्रौढपणाही हवा, कारण बालपणीचे प्रसंगदेखील यमुना पुढच्या वयातून, सारे सोसून झाल्यावर आठवते आहे. निवेदन तृतीयपुरुषी असेल तर अभिवाचक स्त्री की पुरुष हा मुद्दा गौण ठरतो आणि निवेदकाच्या वृत्तीकडे, म्हणजे त्याच्या उपरोधाकडे, जिव्हाळ्याकडे किंवा तटस्थपणाकडे लक्ष द्यावे लागते. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यावा असा आग्रह अनेक ग्राहक धरतात. आमचे मत त्याच्या विरुद्ध आहे. कोण बोलते आहे एवढे कळण्यापुरता लहेजातील फरक पुरतो, त्यापलीकडे गेल्यास कादंबरीची नाट्यछटा होते.

जुन्या मराठीचे वाचन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार पानोपानी आढळतात. त्यांतील बरेचसे केवळ लिहिण्याचे असून उच्चारायचे नसतात, आणि ते नाकातून वाचणारा अभिवाचक पहिल्या परिच्छेदातच उघडा पडतो. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपी दाखवत नाही; ‘जरा थांब’ मधील ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांतला भेद वाचणाऱ्याच्या कानात मुळातच असावा लागतो. मजकुरात अभंग, ओव्या किंवा संस्कृत श्लोक असतील तर वृत्त सांभाळता येते का, हेही आधी तपासावे. गाता येणे आवश्यक नाही.

वैदर्भीय पार्श्वभूमीच्या कादंबरीत अधिक सावधगिरी हवी. ‘काहून’, ‘मले’, ‘येऊन राहिला’ ही आपल्याकडची नित्याची भाषा आहे. पण बाहेरचा कलावंत ती पुष्कळदा विनोदी ढंगात म्हणतो आणि दुःखाच्या प्रसंगी श्रोत्याला हसू येते. उलट, आपल्याकडच्या काही कलावंतांच्या प्रमाण मराठीतही ‘काळा’चा ‘काया’ होतो, तेव्हा निवेदन आणि संवाद यांची सीमारेषा पुसली जाते. दोन्ही भाषांत सहज वावरणारी व्यक्ती मिळाली तर तिचे नाव फारसे प्रसिद्ध नसले तरी तिलाच घ्यावे. रंगभूमीवरील कलावंतांविषयी, विशेषतः झाडीपट्टीच्या मंडळींविषयी आम्हांला आदर आहे, परंतु मंडपाच्या टोकापर्यंत पोचण्याची सवय झालेला आवाज मायक्रोफोनसमोर आटोक्यात आणायला सराव लागतो, याची कल्पना असावी.

चाचणीसाठी कृपया कादंबरीतील सर्वांत नाट्यमय प्रसंग देऊ नका. तो कोणीही बरा वाचतो. एखादे लांबलचक वर्णन, तिघा-चौघांचा संवाद आणि शक्य असल्यास एखादे पत्र, असे उतारे आम्ही मागतो. जुन्या लेखकांची वाक्ये अर्ध्या पानाचीही असतात; श्वास कोठे घेतला जातो यावरून वाचणाऱ्याला वाक्य समजले आहे की नाही, ते कळते. नमुना स्टुडिओतील स्पीकरवर न ऐकता घरी साध्या मोबाईलवर, हातातली कामे करत ऐकावा आणि मन कोठे भरकटले ते टिपून ठेवावे.

सुमारे ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीचे ध्वनिमुद्रण आमच्या अंदाजाने बारा तासांच्या आसपास होते आणि प्रत्यक्ष वाचनाला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत शेजारच्या कूलरांच्या घरघरीमुळे आम्ही पहाटेची सत्रे ठेवतो, तेव्हा त्या वेळी आवाज खुललेला असेल असा कलावंत निवडणेही ओघाने आले.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. अनुवादकाचा आणि प्रस्तावनाकाराचा हक्क वेगळा मोजला जातो. अभिवाचकालाही सादरकर्ता म्हणून ५० वर्षांचे हक्क असतात, म्हणून त्याच्याशी होणाऱ्या लेखी करारात मुदत व प्रदेश स्पष्ट नमूद करावेत. तसे न केल्यास कायदा पाच वर्षे आणि भारत एवढीच मर्यादा गृहीत धरतो.

पहिल्या भेटीस येताना ज्या आवृत्तीवरून वाचन व्हावयाचे आहे ती प्रत, हक्कांची कागदपत्रे आणि अडणाऱ्या शब्दांची, आडनावांची व गावांच्या नावांची उच्चारांसह यादी आणावी. लेखकाच्या कुटुंबातील कोणी वडीलधारी व्यक्ती असल्यास ती यादी त्यांच्याकडून तपासून घ्यावी.