पाळण्यात न दिसणारे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, या म्हणीवर मानसशास्त्राने विसाव्या शतकातला बराच काळ काढला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शाळा धुंडाळायला घेतल्या. बुद्ध्यांक साधारण १३५ च्या वर असलेली दीड हजारांवर मुले त्यांनी निवडली आणि ती मोठी झाली तरी त्यांचा माग सोडला नाही. ही मुले एकूण चांगली शिकली, सुस्थितीत राहिली. मात्र चाळणीतून गळालेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. निवडलेल्या मुलांपैकी कुणालाही ते मिळाले नाही.

ही गोष्ट सांगून टर्मन यांची टिंगल केली जाते. ती थोडी अन्यायाचीच आहे, कारण नोबेल इतके दुर्मीळ की तिथे कोणतीही चाळणी फसेल. खरी अडचण होती ती एकदा मोजले की मूल जन्मभरासाठी ‘प्रज्ञावान’ ठरले, या समजुतीची. फ्रँक वॉरेल या शालेय मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा मोठा भाग याच समजुतीला धक्के देण्यात गेला.

वॉरेल मूळचे त्रिनिदादचे. पुढे ते बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०२२ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष. शालेय मानसशास्त्रज्ञ म्हटले की अमेरिकेतही डोळ्यांपुढे येतो तो अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांच्या चाचण्या घेणारा माणूस. हुशार मुलांना तो कशाला हवा? ती आपली आपण पुढे जातातच की! वॉरेल यांचे म्हणणे असे, की बरीच जात नाहीत.

रीना सुबॉटनिक आणि पॉला ओल्शेव्स्की-क्युबिलियस यांच्याबरोबर त्यांनी २०११ मध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात क्षमतेला महत्त्व आहेच. ‘मेहनत केली की कुणीही काहीही होतो’ असला गोडवा त्यात नाही, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडतो. पण क्षमता ही सुरुवात आहे, आणि ती त्या त्या क्षेत्राची असते. गणितातली चमक म्हणजे कवितेतली नव्हे. प्रत्येक क्षेत्राचे घड्याळही वेगळे चालते. जिम्नॅस्टची कारकीर्द विशीत उताराला लागते, तर मानसशास्त्रज्ञाची तेव्हा जेमतेम सुरू होत असते. लहानपणी क्षमता मोजावी, मग कामगिरी, आणि मोठेपणी त्या क्षेत्रात घातलेली भर. म्हणजे वय वाढेल तशी मोजपट्टीच बदलते, आणि दहाव्या वर्षी लागलेले लेबल विसाव्या वर्षी फारसे कामाचे राहत नाही.

या निबंधातला मला सर्वांत पटलेला मुद्दा मनाच्या तयारीचा आहे. हरल्यावर पुन्हा उभे राहणे, टीका पचवणे, दडपणात डोके शांत ठेवणे, या गोष्टी खेळाचे आणि संगीताचे चांगले गुरू मुद्दाम शिकवतात. शाळेत मात्र त्या मुलाच्या स्वभावातच असतील असे धरून चालतात. प्राथमिक शाळेत सगळे न अडखळता जमलेल्या मुलाला पहिला खरा अवघड प्रश्न भेटतो, तेव्हा त्याच्याकडे या सवयी नसतात. मग तो मूळचा हुशार नव्हताच, असा निकाल लागतो.

संधीचे गणित त्या मानाने सरळ आहे. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत हुशार मुलांच्या वर्गासाठी शिक्षक आणि पालक नावे सुचवत. नंतर तिथे दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात झाली, आणि त्या वर्गांत गरीब, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषक मुळांच्या) मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले. मुले पूर्वीही तिथेच होती, कुणाच्या नजरेत भरत नव्हती इतकेच.

पण दार उघडले म्हणून मूल आत येईलच असे नाही. ‘हे माझ्यासारख्यांसाठी आहे का?’ हा प्रश्न ते आधी स्वतःला विचारते. वॉरेल यांच्या कामाचा दुसरा धागा, विद्यार्थ्याची स्वतःची ओळख, तो इथे येऊन मिळतो.

विल्यम क्रॉस यांनी १९७१ मध्ये मांडले होते, की कृष्णवर्णीय अमेरिकी माणूस आपल्या वंशाकडे पाहताना काही टप्पे ओलांडतो आणि पहिल्या टप्प्यात स्वतःला कमी लेखतो. पण कृष्णवर्णीयांचा आत्मसन्मान सरासरीने कमी असल्याचे पुढच्या अभ्यासांतून दिसेना. क्रॉस यांनी १९९१ मध्ये आपली मांडणी बदलली. संशोधकाने इतक्या उघडपणे जुने मत सोडणे तसे विरळाच. या सुधारित मांडणीवरून क्रॉस, वॉरेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. ती माणसाला एखाद्या टप्प्यावर बसवत नाही. समाजात मिसळून जाण्याची ओढ, स्वतःविषयीचा तिरस्कार, आफ्रिकी वारशाची आस्था, सर्व गटांना सामावून घेणारी वृत्ती यांसारखे एकूण सहा कल ती वेगवेगळे मोजते. एकाच विद्यार्थ्यात त्यातले अनेक कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदू शकतात.

मग वांशिक ओळख पक्की असली की गुण वाढतात का? २००७ मध्ये वॉरेल यांनी अभ्यासात पुढे असलेल्या किशोरवयीन मुलांवरचे एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यातल्या कृष्णवर्णीय मुलांत वांशिक ओळखीची जवळीक जितकी जास्त, तितके नेहमीच्या शाळेतले गुण कमी, असा कल दिसला. इतर गटांशी मिळून-मिसळून वागण्याची तयारी असेल, तर गुण उलट जास्त. इथवर वाचून कुणी ‘ओळख आड येते’ असा घाईचा निष्कर्ष काढील. पण हीच मुले उन्हाळ्यात हुशार विद्यार्थ्यांसाठीच्या एका खास उपक्रमात शिकत होती, आणि तिथल्या गुणांशी या दोन्ही गोष्टींचा संबंध लागेना.

मुले तीच, त्यांची ओळखही तीच. बदलले होते ते वातावरण. अशा एका अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही, पण ज्या वर्गात अभ्यासाची आवड सगळ्यांनाच आहे तिथे ‘आपले’ राहणे आणि अभ्यासात पुढे असणे यांतून एक निवडायची पाळी येत नसावी, असा अर्थ मला सर्वांत सयुक्तिक वाटतो. तेव्हा गुण घसरलेल्या हुशार मुलाला समुपदेशनाच्या खोलीत बोलावण्याआधी शालेय मानसशास्त्रज्ञाने त्याच्या वर्गात जाऊन बसावे. त्याच्या भोवती कोण आहेत आणि तिथे उत्तरासाठी हात वर करणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतात, ते चाचणीच्या कागदावर उमटत नाही.