‘इतके दिवस गप्प का होती?’ हा प्रश्न येतो कुठून

मनोरंजन क्षेत्रातल्या एखाद्या बड्या नावावर अत्याचाराचा आरोप झाला, की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत तेच तीन प्रश्न फिरतात. इतके दिवस गप्प का होती? तेव्हा ओरडली का नाही? अशा लाइनमध्ये गेलीच कशाला? विचारणाऱ्यांत बायकाही असतात. मग कुणीतरी ठरलेला निकाल देऊन टाकतं: ‘बाईच बाईची वैरीण.’ हा निकाल चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे दाखवणारा प्रयोग जवळजवळ साठ वर्षांपूर्वी झालेला आहे.

१९६६ साली अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी कॉलेजच्या ७२ मुलींना एका प्रयोगाला बसवलं. टीव्हीच्या पडद्यावर त्यांना आणखी एक मुलगी दिसत होती. तिने शब्दांच्या जोड्या पाठ करायच्या, चुकलं की विजेचा झटका. ती कळवळत होती. प्रत्यक्षात झटके नव्हतेच, तो अभिनय होता. पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. नंतर प्रत्येकीने त्या मुलीबद्दलचं आपलं मत चांगल्या-वाईट विशेषणांच्या मोजपट्टीवर नोंदवायचं. सगळ्यांना दिसलेला छळ तोच. बदलली ती त्याच्या मागची-पुढची माहिती.

एका गटाला सांगितलं, तुम्ही बाजूने मतदान केलंत तर पुढच्या फेरीत तिला झटक्यांऐवजी बरोबर उत्तराचे पैसे मिळतील. जवळजवळ सगळ्यांनी तसं मत दिलं आणि ते मान्य झाल्याचंही त्यांना कळवलं. या गटाचं तिच्याबद्दलचं मत त्यातल्या त्यात बरं राहिलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, हे अर्ध्यावर आलंय, अजून एवढंच व्हायचंय. थांबवायचा उपाय त्यांच्या हातात दिला नाही. त्यांच्या नजरेतून ती मुलगी उतरली. तिसऱ्या गटाला आधी ऐकवलं की ती घाबरून नको म्हणत होती, पण बघणाऱ्या मुलींचं अभ्यासक्रमातलं श्रेय बुडू नये म्हणून शेवटी तयार झाली. म्हणजे तिचा दोष तर नाहीच, उलट तिने या मुलींवर उपकारच केले. सगळ्यांत वाईट मत नोंदवलं गेलं ते तिच्याबद्दल.

या निकालाचा लर्नर यांनी लावलेला अर्थ असा: जग न्यायाने चालतं, आपण नीट वागलो तर आपल्याला काही होणार नाही, या भरवशावर माणूस रोज घराबाहेर पडतो. निरपराध व्यक्तीला सोसताना पाहिलं की हा भरवसा डळमळतो. तो सावरायचे मार्ग दोनच. छळ थांबवायचा, नाहीतर सोसणाऱ्यातच खोट काढायची. पहिला मार्ग बंद असला की मन दुसऱ्याकडे वळतं.

मन खरंच असं हलतं का, हे कॅनडात कॅरोलिन हेफर यांनी २००० साली मोजून पाहिलं. एका तरुणावर हल्ला झाल्याची बातमी सहभागींना दाखवली. काहींना सांगितलं हल्लेखोर सापडले, काहींना सांगितलं ते सुटले. मग पडद्यावर एक शब्द क्षणभर चमके आणि लगेच त्याला झाकणारी रंगीत खूण येई. त्या खुणेचा रंग पटकन सांगायचा. मनात जो विषय टोचत असतो त्याचा शब्द चमकला की लक्ष तिकडे ओढलं जातं आणि रंग सांगायला काही सहस्रांश सेकंद जास्त लागतात. हल्लेखोर सुटल्याचं ऐकलेल्यांना हा उशीर न्यायाशी संबंधित शब्दांना जास्त झाला. आणि ज्याचा उशीर जास्त, त्याने त्या जखमी तरुणाला कमी लेखण्याचं आणि ‘मी काही त्याच्यासारखा नाही’ असं मानण्याचं प्रमाणही जास्त. दोष देणं सुरू होतं ते या टोचणीतून.

आता बायकांकडे पुन्हा पाहू. लर्नर यांच्या प्रयोगात बघणाऱ्या सगळ्या मुलीच होत्या. त्यांचं वैर कुणाशी नव्हतं. उलट पडद्यावरची मुलगी त्यांच्यासारखीच होती, म्हणून धोका अधिक जवळचा. बाईच्या मनात इथे दोन ओढी असतात. ‘हे माझ्यावरही येऊ शकतं’ या जाणिवेतून सहानुभूती येते. त्याच जाणिवेच्या भीतीतून ‘मी असते तर गेलेच नसते’ हे वाक्य येतं. बेरीज केली तर बायका सहानुभूतीकडेच जास्त झुकतात. ‘तिचीच चूक असणार’ छापाच्या समजुतींवरच्या ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली निघाला, त्यात या समजुती पुरुषांमध्ये स्पष्टपणे जास्त आढळल्या. मग बाईची कडवट कॉमेंट लक्षात राहते याचं कारण ती अनपेक्षित असते, एवढंच.

सोसणारा पुरुष असला तरी सुटका नाही. अमेरिकन अभिनेता टेरी क्रूज याने २०१७ साली एका बड्या एजंटने भर पार्टीत आपल्याला नको तिथे हात लावल्याचं सांगितलं. धिप्पाड माणूस, आधी फुटबॉलपटू. लोकांनी विचारलं, एक ठोसा का नाही दिला?

ओरडण्याचं आणि ठोशाचं उत्तर शरीरात आहे. सुटकेचा मार्ग नाही असं मेंदूला वाटलं की मध्यमेंदूतून स्नायूंना गोठवणारी प्रतिक्रिया सुरू होऊ शकते: हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, शुद्ध मात्र असते. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ अत्याचारग्रस्त स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांना ही अवस्था ठळकपणे आली होती. त्या गप्प राहिल्या त्यात संमती नव्हती.

याच ठिकाणी दोन गोष्टींबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर दोषनिवारणाच्या पाट्या दिसतात. सोसणाऱ्याला ‘पूर्वजन्मीचं भोगतोयस’ असं सांगणं म्हणजे लर्नर यांच्या प्रयोगातला दुसरा मार्गच आहे, त्याला फक्त शास्त्राचं नाव लावलंय. दुसरी गोष्ट, मुलाखतीतले डोळे आणि हातवारे पाहून ‘खोटं बोलतेय’ सांगणारे यूट्यूबवरचे देहबोलीतज्ज्ञ. खोटं ओळखण्याच्या दोनशेहून अधिक अभ्यासांची बेरीज २००६ साली झाली, त्यात माणसांचा अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तरी ५० येतात.

पडद्यावरच्या जगात हे सगळं तीव्र होतं, कारण नट रोज रात्री घरात येतो आणि ओळखीचा वाटतो. तक्रार करणारी सहकलाकार किंवा हेअर ड्रेसर अनोळखी असते. त्यात अभिनेत्रीवरचा जुना संशय. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण बाई मिळेना. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. ‘अशा लाइनमध्ये गेलीच कशाला’ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

प्रयोगातल्या पहिल्या गटाकडे परत जायला हवं. हातात उपाय होता तेव्हा बघणाऱ्यांनी मुलीला कमी नावं ठेवली. म्हणून माझ्या मते कॉमेंट करणाऱ्यांना उपदेश करण्यापेक्षा तक्रारीची चालती वाट दिसणं जास्त उपयोगाचं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ती घालून दिली आहे, पण नाशिकच्या आसपास फार्महाऊस किंवा बंगला भाड्याने घेऊन मालिका, वेब सिरीज चित्रित करणाऱ्या युनिटला ती माहीत असतेच असं नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. रोजंदारीवरची ज्युनिअर आर्टिस्ट आणि ठेकेदाराने आणलेली मेकअपवाली याही कर्मचारीच. सेटवर नेणारी कंपनीची गाडीही कामाचं ठिकाणच. चित्रपटाच्या युनिटलाही समिती बंधनकारक आहे, हे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं.

तक्रार लेखी, सहा प्रतींत, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याकडे जाते, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदाराला खोटं ठरवून शिक्षा करता येत नाही. घोळ होतो तो मालिकांच्या युनिटमध्ये: शेड्यूल संपतं, माणसं पांगतात, कंपनीचं ऑफिस मुंबईत, आणि तीन महिने निघून जातात. त्यामुळे घटनेची तारीख, कॉल टाइम (सेटवर बोलावलेली वेळ), हजर माणसं आणि मेसेज त्याच दिवशी लिहून, जपून ठेवावेत. युनिट दहापेक्षा लहान असेल किंवा तक्रार खुद्द निर्मात्याविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. समिती नेमल्याचा आदेश सेटवर ठळक दिसेल असा लावणं निर्मात्याचं काम आहे. समितीच नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट.