ई-कचरा कंपनीचं मार्केटिंग पार्टनर व्हायचंय? कागदं इथंच अडकतात

आमच्या भागातली पोरं अन् बचतगटातल्या ताया हा फॉर्म भरायला माझ्याकडे येऊन राहिल्या, अन् बरेच अर्ज रिजेक्ट होऊन परत येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले काम समजून घ्या. गावात माहिती सांगायची, जुने मोबाईल, डब्बा टीव्ही, प्रिंटर जमवून कंपनीच्या गाडीत द्यायचे, कमिशन घ्यायचं. वस्तू फोडायची नाही, तांब्यासाठी वायर जाळायची तं अजिबात नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी वस्तू बनवणारे कारखानदार, प्रोड्युसर (आपल्या ब्रँडनं विकणारे किंवा आयात करणारे), रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे) अन् रिसायकलर यांची होते, पार्टनरची वेगळी नाही. म्हणून कोणी 'पार्टनर लायसन्स काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल तं एक रुपया देऊ नका, उलट त्या कंपनीचाच नोंदणी नंबर मागा अन् पोर्टलवर तपासा.

वय १८ पूर्ण पाहिजे. आधार, पॅन, फोटो, पासबुक नेहमीचंच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यात धंदा निवडताना रिसायकलिंगवर टिक करू नका, तुम्ही रिसायकलर नाही.

आता खरी अडचण, माल ठेवायच्या जागेचा पुरावा. परवा एक पोरगा बावीस किलोमीटर एसटीनं आला, हातात तलाठ्याचा आठ-अ, पऱ्हाटीच्या वावराचा! तो शेतीचा खाते उतारा झाला भाऊ, इथं ग्रामपंचायतचा नमुना ८ पाहिजे, घर आकारणीचा. नावात आठ दोन्हीकडे, म्हणून सगळे फसतात, अन् ऑफिसवाले साधं समजावूनही सांगत नाहीत, नुसतं 'कागद चुकला' म्हणून परत पाठवतात. त्यात घर आजोबाच्या नावानं, आजोबा वारलेले, वारस नोंद केलेलीच नाही. ती नोंद आधी करा, मंग ज्यांच्या नावानं घर लागलं त्यांचं संमतीपत्र. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा चार्ज असते, कोणत्या वारी येतो ते विचारूनच जा, नाही तं दिवसाची मजुरी बुडते.

नियमात ई-कचरा १८० दिवसांपर्यंत साठवता येतो असं आहे, तेही लोक उलटं वाचतात. ती साठवणुकीची मुदत नोंदणी असलेल्या रिसायकलरसारख्यांसाठी आहे, तुमच्या घरात सहा महिने माल ठेवायची परवानगी नाही, तुमची माल द्यायची तारीख करारात पहा. इन्व्हर्टर अन् ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या यात घेऊच नका, त्यांचे नियम वेगळे.

पॅन-आधार लिंक नसेल अन् कमिशनवर टीडीएस (देतानाच कापला जाणारा कर) लागत असेल, तं तो २० टक्क्यांनी कापतात, फॉर्म भरायच्या आधीच पाहून घ्या. आधारवर रामराव अन् पॅनवर राम असेल तं तेही दुरुस्त करा. करार ५०० च्या बाँडवर होते, १०० चा आता चालत नाही. सही झाली की एक प्रत तिथंच मागून घ्या, नंतर पाठवतो म्हणाले तरी प्रत घेतल्याशिवाय उठू नका.